काल दिवसभर काय केलं?

रंगारी परांचीवरून पडला, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. कंबरेचं हाड जुळलं, पण पंधरा मिनिटं उभं राहिलं की डावा पाय बधिर व्हायचा. त्यानं अपंगत्व भत्त्यासाठी अर्ज केला आणि तो फेटाळला गेला.

पत्र वाचून बायको चक्रावलीच. "उभं राहता येतं, जिना चढता येतो, वजन उचलता येतं... हे कोणी सांगितलं त्यांना?"

"मीच. जमतं का विचारलं, म्हटलं जमतं."

"अहो, मोजे मी चढवते तुमच्या पायात!"

"मग परक्या माणसापुढे रडगाणं गायचं?"

तीस वर्षं त्यानं कुठल्याच कामाला नाही म्हटलं नव्हतं. शेवटी फेरतपासणीचा अर्ज बायकोनंच भरला आणि या खेपेला तीही बरोबर गेली.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पुढे ओढला. "जिना चढता?"

"चढतो."

"उतरतात कसे तेही विचारा," बायको मध्येच म्हणाली. "बसून, एकेक पायरी. आंघोळीला स्टूल लागतं. रात्री कूस बदलायची तर मला उठवतात."

रंगाऱ्यानं डोळे वटारले. त्याचे कान लालबुंद झाले होते.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "या फॉर्मवर 'येतं' आणि 'येत नाही' एवढ्या दोनच चौकटी आहेत. कष्टाची माणसं इथेच अडकतात. ते राहू द्या. काल दिवसभर काय केलं, तेवढं सांगा."

तो खाली बघत म्हणाला, "खिडकी रंगवायला घेतली. एक बाजू झाली आणि पाय गेला. तासभर फरशीवर पडून होतो. ही बाजारातून यायच्या आत कसाबसा उठून बसलो."

बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी त्याचं म्हणणं समासात शब्दन् शब्द उतरवून घेतलं.

दोन महिन्यांनी भत्ता मंजूर झाला, पण अर्धाच. नियमाप्रमाणे त्याचे हात धड होते. बसून थोडा वेळ काम करायची मुभा मात्र मिळाली. आता सकाळी तो रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकांना छटा कालवून देतो. घर ओढूनताणून चालतं. दर वर्षी तपासणी व्हायचीच आहे. बायकोनं तारीख विचारून ठेवली आहे. तिनं विषय काढला, की तो चपला शोधायला लागतो.