मी खाली येण्याआधी बोला

मी युरोपच्या उत्तर टोकाकडल्या एल्वनेस गावच्या पक्ष कार्यालयातली लाकडी हातोडी बोलतेय. काल संध्याकाळी आमची नवी नगरसेविका अम्रा सभेला आली, तेव्हा तिला वाटलं होतं की आज खडाजंगी होणार. लोक उठून भांडतील, निदान एखादा तरी दार आपटून निघून जाईल. प्रत्यक्षात तिला दिसले वेलदोड्याचे गोड पाव, कॉफीचे थर्मास आणि आपापल्या कपात बघत बसलेली पंचवीस-तीस माणसं.

पण आधी माझं थोडं सांगते. माझं डोकं बर्चचं, दांडा जुनिपरचा. शाळेच्या अंगणातला बर्च वादळात पडला, तेव्हा हस्तकलेच्या मास्तरांनी मला लेथवर कातून काढलं आणि मॅर्टाच्या हातात दिलं. मॅर्टा भूगोल शिकवायची. आमच्या मुक्त नागरिक पक्षाची गावातली पहिली अध्यक्ष तीच. (इथे लहानथोर सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात आणि अरे-तुरेच करतात. तिला बाई म्हटलेलं चाललं नसतं.)

सभेची रीत अशी. अध्यक्ष प्रश्न टाकतो. लोक बसल्या जागेवरून 'हो' किंवा 'नाही' म्हणतात. जे जास्त ऐकू आलं ते अध्यक्ष जाहीर करतो आणि मला टेबलावर आपटतो. ज्याला शंका असेल, त्याने मी खाली येण्याआधी 'मतमोजणी' असं ओरडायचं. मग एकेक डोकं मोजावंच लागतं. एकदा माझा ठोका पडला की विषय संपला.

मॅर्टा मला हवेत धरून थांबायची. शेवटच्या रांगेपर्यंत सावकाश नजर फिरवायची. मी अवघडून जायचे. पण उदारमतवादावरची इतकी भाषणं ऐकूनही तो मला कळला तो तिथेच, त्या थांबण्यात. उलट बोलणाऱ्याला तोंड उघडायला वेळ द्यायचा, एवढंच.

बोस्नियातल्या लढाईतून पळून आलेल्या माणसांना गावाबाहेरच्या जुन्या क्षयरोग्यांच्या इस्पितळात राहू द्यायचं का, यावर एकदा सभा भरली होती. 'हो' जाहीर झालं आणि मागून कुणीतरी 'मतमोजणी' ओरडलं. मॅर्टाने शांतपणे मोजलं. 'हो'च निघालं. त्या रात्री तरुण चिटणीस रागनारने मला कापडाने पुसलं आणि म्हणाला, "आजचा ठोका मी मरेपर्यंत विसरणार नाही."

पहिल्या बसमधून जे उतरले, त्यांत अम्राचा बाप होता. पुढे त्याने चपला-बूट दुरुस्तीचं दुकान काढलं. अम्रा इथेच जन्मली. रागनारने तिला बर्फावर घसरायला शिकवलं आणि त्या सभेची गोष्ट इतक्या वेळा सांगितली की तिला ती पाठच झाली. ती कॅनडात राज्यशास्त्र शिकायला गेली आणि या वसंतात परतली, तीही पक्षासाठीच. तोवर मॅर्टा गेली होती. आता अध्यक्ष रागनार होता आणि मी त्याच्या हातात होते.

रागनारने तिला नगरसभेची उमेदवारी दिली. तिच्या वस्तीत ती दारोदार फिरली. लोकांचा प्रश्न एकच होता: निवडून आल्यावर तुम्ही मायभू पक्षाच्या मांडीला मांडी लावून बसणार का? बाहेरून आलेल्यांच्या मुलांना शाळेत मिळणारे त्यांच्या मातृभाषेचे तास बंद करा, आलेल्यांना परत धाडा, असं म्हणणारा तो पक्ष. अम्रा प्रत्येक दारात म्हणाली, "नाही बसणार. माझा शब्द." बापाने दुकानाच्या काचेवर तिचा फोटो लावला. ती निवडून आली.

आणि काल रागनार उभा राहिला. मायभूने हात पुढे केलाय, म्हणाला. त्यांच्याबरोबर गेलो तर एका जागेने बहुमत होतं, नगरप्रमुखपद आपल्याकडे येतं.

"आणि ते आपल्याकडून काय घेतात?" अम्राने विचारलं.

"मातृभाषेचे तास. सध्यापुरते."

"मी दारोदार शब्द देत फिरले, रागनार. तूच पाठवलंस मला."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती. अगं, सगळ्या युरोपात बघ. आपल्यासारखे पक्ष एकेक करून विझतायत. जे सोवळं नेसून बाहेर बसले, त्यांचं नाव तरी कुणाला आठवतं का?"

"आत गेलेल्यांचं नाव तरी त्यांचं स्वतःचं राहिलंय का?"

खजिनदार गुन्वोर, वय ऐंशीच्या घरात, पाव मोडता मोडता म्हणाली, "रागनार, नगरप्रमुखाच्या खुर्चीला गादी असते म्हणे. तुझ्या कंबरेला बरं पडेल." दोघंतिघं हसले. रागनार हसला नाही.

त्याने प्रश्न टाकला. आमच्या उत्तरेकडे लोक 'हो' म्हणताना श्वास आत ओढतात. एरवी मला तो आवाज फार आवडतो. काल तो मला चोरट्या माणसांचा वाटला. 'नाही' म्हणणारे कमी वाटले, पण त्यांनी मोठ्याने म्हटलं. खरं कुठलं भरलं, ते मोजल्याशिवाय कळणं शक्य नव्हतं.

"सभेचं उत्तर 'हो' आहे," रागनार म्हणाला.

अम्राने हात वर केला. कॅनडातल्या सभांत हात वर केला की अध्यक्ष थांबतो, ती सवय. शिवाय समोर रागनार होता. रागनारने तिचा हात पाहिला. मला हे नक्की ठाऊक आहे, कारण त्याच क्षणी माझ्या दांड्यावरची त्याची पकड घट्ट झाली.

आणि त्याने मला आपटलं.

आयुष्यभर मी ठरावांवर पडत आले. काल मी एका पोरीच्या तोंडावर पडले.

"अगं, हात काय वर करतेस, शाळेत बसलीयेस का?" गुन्वोर नंतर तिला म्हणाली. "ओरडायचं होतंस."

"त्याने बघितलं होतं मला," अम्रा म्हणाली. "मला वाटलं, तो थांबेल."

आज सकाळी ती कार्यालयाची किल्ली परत द्यायला आली. रागनार कालचे कप धूत होता.

"बाप काय म्हणाला?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"काही नाही. काचेवरचा फोटो काढून ठेवला."

नळ वाहत राहिला. "शाळा समितीचं अध्यक्षपद तुला देतो. आत राहून पुष्कळ करता येतं, अम्रा."

तिने मला उचललं आणि त्याच्या ओल्या हातात ठेवलं. "पुन्हा विचार. आत्ता, माझ्या एकटीसमोर. प्रश्न टाक आणि मॅर्टा थांबायची तसा थांब."

त्याने मला उचललं. पण प्रश्न न टाकताच त्याने मला हळूच खाली ठेवलं, जराही आवाज न होऊ देता.

अम्राने किल्ली परत खिशात टाकली.

"मी पक्ष सोडत नाही," ती म्हणाली. "सोमवारी नगरसभेत मातृभाषेच्या तासांचा ठराव येईल. तुमचं बहुमत एका जागेचं आहे. ती जागा माझी आहे."

"पक्षातून काढतील तुला."

"मोजून काढा म्हणावं."

मग ती मोकळ्या खुर्च्यांकडे वळली, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "मतमोजणी!" ओट्यावरचे कप किणकिणले. रागनार तसाच उभा राहिला, हातातून पाणी ठिबकत. ती दार उघडं टाकून निघाली, बापाच्या दुकानाच्या दिशेने.

आता मी टेबलावर पडून आहे. दांड्याला अजून ओल आहे. सोमवारी तिथे मी नसेन. नगरसभेची हातोडी वेगळी, ओकची आहे म्हणे. ती कशी आहे, मला ठाऊक नाही. पण आम्हा हातोड्यांना आपण होऊन थांबता येत नाही. वर गेलेला हात पाहून थांबणं आम्हाला धरणाऱ्याचं काम, आणि तो थांबेलच, याचा भरवसा आता मला उरलेला नाही. म्हणून सांगते, मी खाली येण्याआधी बोला. मोठ्याने बोला.