ढिगातली भाकरी

परसात खताचा ढीग गौतमीनं सुरू केला, आणि नाक मुरडून झाल्यावर धोंडाबाईंनी तो ताब्यात घेतला. कासार आंबोलीत जन्म गेला, उकिरडा काय आम्हाला नवा, असं म्हणत म्हणत त्यांनी सुनेचा नियम मात्र पाठ करून टाकला: एक पाटी ओला कचरा, वर दोन पाट्या सुका पाला. सागाची गळलेली पानं त्या स्वतः गोळा करत. ढीग आतून उबदार, वास नुसत्या मातीचा. कौतुक सांगून सांगून शेजारणी कंटाळल्या होत्या.

म्हणून ढीग नासला तेव्हा त्यांना आपलंच नाक कापल्यासारखं झालं. आंबूस घाण सुटली, अळ्या वळवळू लागल्या, कुत्री उकरू लागली. धोंडाबाईंनी पाला वाढवला, तरी ओल हटेना. शेवटी काठीनं उकरलं, तर पाल्याखाली कालवणात भिजलेले भाकरीचे गोळे, अगदी नीट झाकलेले.

झाकलेले, म्हणजे मनात पाप. आणि पापी कोण, हे ठरवायला वेळ लागला नाही. मुलगा कैलास डबा घेऊन हिंजवडीला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. नवरा, बहिरूआबा, हल्ली आत उकडतं म्हणून मागच्या पडवीत जेवत, पण त्यांचं ताट परत येई ते पुसल्यासारखं स्वच्छ. उरली घरातून काम करणारी, बावधनची, कंबर बारीक राहावी म्हणून मोजून खाणारी सून.

"माझ्या हातची भाकरी उकिरड्यात घालतीस व्हय गं?"

"आई, मी नाही टाकली. शिजवलेलं टाकायचं नाही, हे मीच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"म्हंजी भूत टाकतंय?"

आबा पडवीत मान खाली घालून बसले होते. एरवी सुनेची बाजू घेणारा माणूस, आज चकार शब्द नाही. त्यांनाही पटलंय, असं धोंडाबाई धरून चालल्या. गौतमीचे डोळे भरले, तर ते रडणंही त्यांना नाटकी वाटलं. हिला माहेरी धाडायचंच, हे त्यांनी मनात पक्कं केलं. फक्त कैलासपुढे पुरावा हवा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला गव्हाच्या पोळ्या वाढल्या, आबांना त्यांच्या आवडीची नाचणीची भाकरी, आणि स्वतः शिळा भात खाल्ला. आता ढिगात पोळी सापडू दे, मग बघते!

जेवणं उरकल्याबरोबर त्या काठी घेऊन गेल्या. पाला सारला. गोळे काळपट होते.

त्यांनी बोटांनी कुस्करून पाहिलं. नाचणीच. काही घास तर चावून थुंकलेले. मग एकेक आठवू लागलं. आबांचा ढगळ झालेला सदरा. घोटभर पाण्यानंही लागणारा ठसका. आणि माघाच्या गारठ्यात कुठलं आलंय उकडायला?

पडवीत आबा गळा चोळत बसले होते. बायकोच्या हातातला गोळा दिसला तसा त्यांनी हात खाली घेतला.

"कधीपासनं गिळवंना?"

"दिवाळीपासनं," आबा म्हणाले. "दवाखान्याचं लई भ्या वाटतं. ताटात भाकरी ऱ्हायली असती, तर तू वळखलं असतंस."

धोंडाबाईंना त्यांचा राग आला, धास्ती वाटली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची लाज वाटली. माखल्या हातानंच त्यांनी गौतमीचं दार वाजवलं.

"पोरी, चुकलं माजं. गाडी काढ, ह्यांना दवाखान्यात न्यायचंय."

गौतमीनं त्यांच्या हाताकडे पाहिलं, पडवीकडे पाहिलं आणि किल्ली उचलली.

"तू बी आत ये माज्यासंगं, डॉक्टरांपुढं," धोंडाबाई म्हणाल्या. "ते काय सांगत्याल ते मला एकटीला न्हाई ऐकवायचं."