शहाऐंशी सालची ओळ

चेंडू दोन उंच खांबांच्या मधून गेला. सेल्विननं दोन्ही हातांची बोटं पुढे केली, मग खांबाशी टेकवलेले दोन पांढरे झेंडे उचलून फडकवले. गोल झाला. मैदानाभोवती कुंपणाला नाकं लावून उभ्या असलेल्या साठ-सत्तर गाड्यांपैकी एकीचाही हॉर्न वाजला नाही.

आपल्या संघाचा गोल झाला की गाडीत बसल्या बसल्या हॉर्न वाजवायचे, ही वारिंगल गावाची जुनी रीत. डुलकी लागलेले म्हातारेसुद्धा दचकून आधी हॉर्न दाबायचे आणि मग गोल कुणाचा ते विचारायचे. पण हा गोल ट्रेंटचा होता. पाच मिनिटांनी त्याच संघातल्या दुसऱ्या पोरानं गोल मारला, तेव्हा असा गलका उठला की गव्हाच्या कोठारावरचे काकाकुवे उडाले. म्हणजे हॉर्न काही बिघडले नव्हते.

सेल्विन पेरिननं दोन्ही गोल कार्डावर लिहिले. आठवडाभर नगरपालिकेचं गवत कापायचं आणि शनिवारी पांढरा कोट चढवून गोलपंच म्हणून उभं राहायचं, असं त्याचं बावीस वर्षं चाललं होतं. पंचानं हसायचं नाही, कुणाच्या बाजूनं हळहळायचं नाही. ट्रेंट त्याच्या बहिणीचा मुलगा, पण मैदानात तो त्यालाही ओळख देत नसे.

बुधवारी जिल्ह्याच्या पेपरात ट्रेंटची मुलाखत आली होती. बातमीदारानं विचारलं होतं गोलांबद्दल, आणि हा पठ्ठ्या बोलला भलतंच. आम्हा काळ्या पोरांना कुंपणापलीकडून आपल्याच क्लबची माणसं कशा हाका मारतात, कपडे बदलायच्या खोलीत कसले विनोद चालतात, सगळं नावागावासकट सांगितलं. शेवटी म्हणाला होता, "क्लबातला मानाचा बोर्ड बघा. शहाऐंशी सालचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून सोनेरी अक्षरांत लिहिलंय, ब्लॅकी पेरिन. तो माझा मामा. त्याचं नाव सेल्विन आहे. त्यानं आयुष्यभर हसून सोडून दिलं आणि मलाही तेच शिकवलं. मला जमत नाही."

झालं. गावाच्या अंगाची लाही लाही झाली. पोरगा खाल्ल्या घरचे वासे मोजतोय, असा बोभाटा झाला. खाटकानं दुकानाच्या काचेवरचा त्याचा फोटो उतरवला. खेळायला ठेवलाय की भाषणं ठोकायला, असं बारमध्ये जो तो म्हणू लागला. जी माणसं एरवी एकमेकांचं तोंड बघत नसत, ती यावर एक झाली. सेल्विनला मात्र कुणी वावगं बोललं नाही. उलट बेकरीतल्या बाईनं पाव कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं, आम्ही तुला कधी परकं मानलं का रे ब्लॅकी? त्यानं मान हलवली आणि तो हसला. हसून झाल्यावर त्याला स्वतःचाच राग आला.

सामना संपल्यावर अध्यक्ष रॉसनं त्याला बाजूला घेतलं. रॉस शहाऐंशी सालच्या संघाचा कप्तान. त्याला खलनायक करून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. सेल्विनची बायको जीन आजारी होती तेव्हा दर मंगळवारी दोनशे किलोमीटरवरच्या इस्पितळात त्या दोघांना यानंच नेलं होतं, सात महिने, एकदाही चेहरा वाकडा न करता. त्यानं खिशातून टाइप केलेला कागद काढला. दोनच ओळी होत्या. हे नाव मला मित्रांनी प्रेमानं दिलं. त्याचं मला कधीही वाईट वाटलं नाही.

उद्या सकाळी सही करून आण, सोमवारी पेपराला देऊ, असं रॉस म्हणाला. मग पोराचं मी सांभाळून घेतो. नाहीतर कमिटी त्याला काढणार, आणि माझ्या हातात काही राहणार नाही. सेल्विननं कागद घडी घालून खिशात ठेवला.

संध्याकाळी तो बहिणीकडे, डॉरीकडे गेला. ट्रेंट गुडघ्यावर गोठलेल्या मटारची पिशवी ठेवून बसला होता. डॉरीनं कागद वाचला आणि सही करून मोकळा हो म्हणाली. लोक चार दिवसांत विसरतील, पोराचा खेळ तरी वाचेल. यात मामाची सही म्हणजे भाचा खोटा, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण आईचं काळीज, ते आधी मैदान बघणार.

ट्रेंट चिडला नाही. चिडला असता तर सेल्विनला सोपं गेलं असतं.

"मामा, हे खरं आहे का एवढंच सांग," तो म्हणाला. "तुला खरंच वाईट वाटलं नसेल तर चुकलो मी. मी स्वतः पेपरात माफी मागतो."

सेल्विन खुर्ची ओढून बसला. मग जे जीनलाही कधी सांगितलं नव्हतं, ते बोलायला लागला.

"बक्षीस मिळालं तेव्हा तुझी आजी आली होती. अगदी मागे बसली होती. त्या दिवसासाठी नवा स्वेटर घेतला होता तिनं. मला वर बोलावलं, ब्लॅकी पेरिन म्हणून. अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. ती बसलेलीच. घरी येताना मी तिच्यावर खेकसलो, टाळी वाजवायला हात झिजले असते का? तर म्हणाली, 'तुझं नाव कुठे घेतलं त्यांनी? मी वाट बघत होते.'"

डॉरीनं हातातला चमचा खाली ठेवला. आईनं तिला हे सांगितलं नव्हतं.

"आणि तू?" ट्रेंटनं विचारलं.

"मी? मी वर माइकसमोर हसलो आणि गाडीत तिच्यावर ओरडलो."

डॉरीनं कागद उचलून त्याच्यासमोर सरकवला, पण सही कर असं पुन्हा म्हणाली नाही.

रविवारी सकाळी क्लबात आदल्या दिवशीचे डबे-बाटल्या गोळा करायचं काम चाललं होतं. रॉस बारमागे ग्लास पुसत होता. सेल्विननं धुऊन इस्त्री केलेला पांढरा कोट काउंटरवर ठेवला, त्यावर झेंडे, आणि झेंड्यांवर तो कागद. रॉसनं कागद उलटसुलट करून पाहिला.

"सही कुठाय?"

"नाही करत. ते खरं नाही."

"चाळीस वर्षं हसलास की लेका तू."

"हसलो. ती माझी चूक. बोर्डावर माझं नाव लिहून घ्या, रॉस. पेंटरला मी बोलावू का तू बोलावतोस?"

रॉसनं ग्लास ठेवला. त्याचा चेहरा खरोखरच दुखावलेला होता. आपण कधी वाईट चिंतलं का, असं काहीसं तो बोलत होता. जीनचं नाव त्याच्या ओठावर आलं आणि त्यानं ते गिळलं, एवढा मोठेपणा त्यानं दाखवला. मग म्हणाला की बोर्ड जुना आहे, एका ओळीला हात लावला तर उद्या सगळेच येतील. पोराचा निकाल कमिटी मंगळवारी लावेल, आणि तो काय असेल हे सांगायला नको. पुढच्या शनिवारी दुसरा पंच बघावा लागेल.

"बघ," सेल्विन म्हणाला. "जीनसाठी तू जे केलंस ते मी विसरलेलो नाही. ते वेगळं, हे वेगळं."

तो बाहेर पडला. मैदानावर दव होतं आणि कुंपणालगत कालच्या गाड्यांच्या चाकोऱ्या दिसत होत्या. तो निम्म्या वाटेवर असताना मागे दार उघडल्याचा आवाज आला.

"ब्लॅकी!"

पाय आपोआप थबकले, चाळीस वर्षांची सवय. पण तो वळला नाही.

"अरे ब्लॅकी, ऐक तर!"

सेल्विन चालत राहिला. गाडीपाशी येऊन त्यानं दार उघडलं आणि दारावर हात ठेवून, मैदानाकडे पाठ करून उभा राहिला. रॉस पायरीवरच असणार, दार लागल्याचा आवाज आला नव्हता. खऱ्या नावानं हाक मारायची असेल तर अजून वेळ होता.

बऱ्याच वेळानं क्लबाचं दार लागलं. सेल्विननं गाडी सुरू केली.