टिटवीच्या मुलाखतीला मी हजर होतो

मित्रांनो, मी एक जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर आहे. तुम्ही मला बहुधा पाहिलेले नसेल. माझ्या अंगावर दोन मोठी चाके आहेत. एका चाकावरची तपकिरी फीत दुसऱ्या चाकावर जाते आणि जाता जाता बोलू लागते. उचलायला मी भरल्या बादलीएवढा जड आहे. हे मी लाजत सांगत नाही, कारण त्याच वजनामुळे मी एकदा वाचलो आहे!

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे बायका ओळीने बसून तारा जोडत. माझी शेवटची तार कथलाच्या डागाने जोडणाऱ्या बाईने मला चालू केले आणि म्हणाली, "एक, दोन, तीन, ऐकू येतंय का रे?" मी तिचेच शब्द तिला परत ऐकवले. ती एवढी हसली की शेजारची बाई काम सोडून बघायला आली.

मग मला एका अभिलेखागाराने विकत घेतले. गावाचे जुने कागद, नकाशे, पत्रे, छायाचित्रे जिथे जपून ठेवतात ते हे घर. तिथल्या एका उत्साही अधिकाऱ्याने मला जीपमध्ये घालून नदीकाठी नेले. नदीवर पूल होणार होता आणि नावाडी आपला धंदा सोडून जाणार होते. "पूल झाला की यांना कोण विचारणार?" असे म्हणत तो घाटाघाटांवर बसला. मी म्हाताऱ्यांचे खोकणे ऐकले, वल्ह्यांचे आवाज ऐकले, पाणी कुठे फसवे आहे ते ऐकले. दोन वर्षांत चाळीस फिती भरल्या. पाहुणे आले की अधिकारी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "हा आमचा सगळ्यात चांगला श्रोता."

पुढे तो निवृत्त झाला. छोट्या कॅसेटी आल्या, त्याही गेल्या. मला जिन्याखालच्या खोलीत ठेवले. कुणीतरी माझ्यावर कुंडी ठेवली आणि तिच्या पाण्याने माझ्या झाकणावर पांढरे कडे उमटले. मित्रांनो, कुंडीचा मला राग नाही. पण मी काय काय ऐकले आहे हे कुणालाच आठवत नाही, याचे वाईट वाटे.

एके दिवशी भंगाराची यादी झाली आणि तिच्यात माझे नाव लागले. टेंपो आला. दोघा हमालांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले. मला हात घालून एकजण म्हणाला, "हे धूड पुढच्या खेपेला." आणि टेंपो निघून गेला. सांगितले ना, वजनाने वाचलो!

त्या दोन खेपांच्या मधल्या आठवड्यात टिटवी आली.

टिटवी म्हणजे ग्रंथालय आणि अभिलेखशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातली विद्यार्थिनी. शिकता शिकता कामाचा अनुभव घ्यायला ती आमच्याकडे आली होती. काही सापडले की ती जागच्या जागी ओरडायची, म्हणून अभिलेखागाराच्या प्रमुख बाईंनी तिचे हे नाव ठेवले. त्या दिवशी ती वरच्या मजल्यावर एवढ्या जोरात ओरडली की मला जिन्याखाली ऐकू आले.

"बाई! नावाड्यांच्या फिती! चाळीस डबे! कुणी ऐकल्यात का?"

"ऐकणार कशावर? ते यंत्र भंगारात गेलं," बाई म्हणाल्या.

"कधी?"

"गेलं असेल. नाहीतर जिन्याखाली बघ."

ती धडाधड पायऱ्या उतरली. कुंडी उचलली, ओढणीने माझे झाकण पुसले आणि आत डोकावली. माझा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. ती घाबरली नाही. दुसऱ्या दिवशी ती एका म्हाताऱ्या मेकॅनिक काकांना हाताला धरून घेऊन आली.

काकांनी मला उघडले, हुंगले आणि म्हणाले, "पोरी, हा मेलेला नाही. नुसता रुसलाय."

एका मोडक्या प्रोजेक्टरचा पट्टा त्यांनी माझ्यात बसवला आणि जिथून फीत सरकते तो भाग स्पिरिटने पुसला. टिटवीने आधी कोरी फीत लावून पाहिली. मी ती ओढतो का, चावतो का, हे तिने चार वेळा तपासले. मगच सातव्या क्रमांकाची फीत लावली. खरखर झाली आणि मग एका बाईचा आवाज खणखणीत निघाला. "मी नावाड्याची बायको. पण हाक मारायला मलाच पुढं करायचे. माझी हाक पैलतीरावर जायची!"

टिटवी खुर्चीवर उभीच राहिली. काकांनी चष्मा काढून पुसला. बाईंनी त्याच दिवशी भंगाराच्या यादीतून माझे नाव खोडले. तो दिवस मी विसरणार नाही.

पण दोनच दिवसांनी ती मला चालू न करताच माझ्यासमोर बसून राहिली. बाईंनी विचारले तेव्हा म्हणाली, "बाई, या वर्षानंतर शिक्षण सोडावं लागेल. घरी झेपत नाहीये. मामानं फरशीच्या दुकानात नोकरी बघितलीय."

"आणि शिष्यवृत्ती?"

"कुठली?"

"अगं वेडे, तुझ्याच विषयाची! सूचना फलकावर महिनाभर लागलीय. फलक झाडतेस, वाचत नाहीस होय?"

अर्ज भरायला चार दिवस होते. पुस्तके आणि जुने दस्तऐवज जपायला शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या पुढच्या वर्षाचा खर्च त्या शिष्यवृत्तीतून होणार होता. टिटवीने नावाड्यांच्या फिती वाचवण्याची योजना लिहिली. बाईंनी ती तीनदा परत केली. "उत्साह पुरे, आता क्रम सांग," असे त्या म्हणत. शेवटच्या दिवशी अर्ज गेला आणि शेवटच्या तिघांत तिचे नाव आले. निवड समिती प्रत्येकाचे काम जागेवर पाहणार होती. म्हणजे मित्रांनो, मुलाखत माझ्यासमोर!

समितीत तिघे होते. अध्यक्ष उंच आणि कमी बोलणारे. त्यांनी टिटवीचे सगळे ऐकून घेतले, मग फडताळाकडे गेले, दोन-तीन डब्यांची झाकणे उचलून पाहिली आणि स्वतःच एक डबा काढला. तेविसावा.

"तयार केलेलं नको. ही लावा."

टिटवीने डबा उघडला. मला माझ्या जागेवरून आंबूस वास आला. फितीच्या कडा लाटांसारख्या वळल्या होत्या. ती लावली असती तर माझ्या चाकांनी तिचे तुकडे केले असते. मी यंत्र आहे, मला नाही म्हणता येत नाही.

टिटवीने डबा बंद केला.

"ही नाही लावता येणार, सर."

"का? तुमचं यंत्र तर चालू आहे ना?"

"यंत्र चालू आहे, फीत आजारी आहे. आज लावली तर तुटेल, आणि तुटली तर जे आहे तेही जाईल. हिच्यावर आधी प्रयोगशाळेत उपचार करावे लागतील. ते मला अजून येत नाहीत."

"आम्ही फक्त ऐकायलाच आलो आहोत," अध्यक्ष म्हणाले.

टिटवीने डबा जवळ घेतला. दाराशी उभ्या बाईंनी पदर घट्ट धरला. टिटवी म्हणाली, "कळतंय, सर. पण हा आवाज माझा नाही. मला तो पणाला नाही लावता येत. माझा नंबर लागला नाही तरी चालेल." मग ती पटकन म्हणाली, "सातवी लावू? ती धडधाकट आहे."

अध्यक्षांनी मान हलवली. मी चालू झालो, आणि सगळा जीव ओतून वाजलो! नावाड्याच्या बायकोने हाक कशी मारायची ते सांगितले आणि मग खरोखरच हाक मारली. लांबलचक, नदीएवढी. समितीतल्या एक बाई दचकून हसल्या. अध्यक्ष मात्र फीत संपेपर्यंत उभे राहिले आणि मग निघून गेले.

तीन आठवडे टिटवीने एकदाही आरडाओरडा केला नाही. मग एका सकाळी बाई पाकीट घेऊन आल्या. टिटवीने ते फोडले, वाचले आणि बाईंच्या हातात दिले. "तुम्ही वाचा. माझं चुकत असेल."

बाईंनी मोठ्याने वाचले. शिष्यवृत्ती मंजूर. शिवाय उन्हाळ्यात दोन महिने फितींवर उपचार करणाऱ्या प्रयोगशाळेत प्रशिक्षण. खाली अध्यक्षांनी हाताने लिहिले होते, "तिघांनाही आम्ही एक आजारी वस्तू वापरून दाखवायला सांगितली. नाही म्हणणारी ही एकटीच."

टिटवी अशी ओरडली की वाचनकक्षातले सगळे वाचक धावत आले. तिने आईला फोन लावला. पलीकडून आई विचारत होती, "अगं, रडतेस का हसतेस ते तरी सांग!" मेकॅनिक काकांनी माझ्या झाकणावर पेढ्यांचा पुडा ठेवला. कुंडीपेक्षा हे ओझे मला फार आवडले.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत एखादे जुने यंत्र, वही किंवा डबा असेल. ते काढून टाकण्याआधी आत काय आहे ते एकदा विचारा. घाईने उघडू नका, माहीत असणाऱ्याला बोलवा. आणि तुमच्यापैकी कुणाला अशा वस्तूंची काळजी घ्यायला शिकावेसे वाटले, तर पैशांच्या भीतीने मागे फिरू नका. तुमच्यासाठी शिष्यवृत्त्या असतात. फक्त सूचना फलक झाडता झाडता वाचत जा!