एकतीस वेळा हं

दिग्विजय हे नाव ठेवणाऱ्याने पाळण्यातलं पोर नीट पाहिलं नसणार. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. दिवसभर स्फोटकांच्या सहवासात राहून मुलगाही तसाच धडाकेबाज निघेल असं त्यांना वाटलं असेल. मुलगा निघाला असा, की चहात साखर पडली नाही तरी तसाच पिऊन कप विसळून ठेवायचा. दिशा जिंकणं दूरच, वारज्याच्या सोसायटीत त्याची स्कूटर लावायची जागा खालच्या मजल्यावरच्यांनी बळकावली, तेव्हाही त्यांचं सगळं म्हणणं ऐकून, मधूनमधून 'हं' म्हणून हा वर निघून आला. त्याची बायको वैष्णवी म्हणाली, "छान. उद्या ते घर मागतील."

ते 'हं' मराठी माणसाला समजावून सांगायला नको. 'हं' म्हणजे होकार नव्हे. 'हं' म्हणजे ऐकतोय, पुढे बोल. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो, आणि तो बंद पडला की सांगणाराही गप्प होतो. दिग्विजयचा हुंकार इतका नेमक्या जागी पडायचा, की माणसं आपणहून त्याच्यापाशी मन मोकळं करायची. सोसायटीचा रखवालदार करायचा, बसमध्ये शेजारी बसलेला अनोळखी माणूस करायचा. आणि मैना करायची.

मैना त्याची मुलगी, सहा वर्षांची, पहिलीतली. नाव मैना, पण घराबाहेर तोंडातून अक्षर काढायची नाही. कर्वेनगरच्या शाळेत हजेरीला नुसता हात वर करायची. बाई "मोठ्याने बोल, मोठ्याने" म्हणाल्या की आणखीच मिटायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तिच्या मागे लागू नका. ती ज्याच्याशी बोलते त्याच्याशी पोटभर बोलू द्या, त्याच वाटेने ती बाहेर येईल. ती बोलायची रोज सकाळी शाळेत जाताना, स्कूटरवर पुढे उभी राहून. तोंड रस्त्याकडे, पाठ बापाकडे. कोणाच्या डब्यात काय होतं, कोण रडलं, बाईंच्या साडीला काय लागलं होतं, सगळं ती समोरच्या वाऱ्याला सांगायची आणि मागून 'हं' येत राहायचं. गेल्या महिन्यात तिने शेजारच्या बाकावरच्या मुलीकडे चक्क तोंडाने खोडरबर मागितलं होतं. त्या दिवशी दिग्विजय कंपनीच्या बसमध्ये खराडीपर्यंत एकटाच हसत होता.

ही गोष्ट दोन हजार सात सालची. खराडीत काचेच्या इमारती नव्या होत्या आणि कंपन्यांना माणसांचे प्रकार पाडायचं वेड लागलं होतं. दिग्विजयच्या कंपनीत एचआरच्या प्रियदर्शनी मॅडमनी साठ प्रश्नांचा कागद सगळ्यांकडून भरून घेतला. मग बडबड्यांच्या ओळखपत्रावर केशरी ठिपका आणि अबोलांच्या ओळखपत्रावर निळा ठिपका चिकटवला. पाणी प्यायच्या जागेशेजारच्या कोपऱ्यात तिघं बसायचे, दिग्विजय, संपत आणि भाग्यश्री. तिघांनाही निळा मिळाला. पण अबोलांतही प्रकार असतात म्हणे. जे दिसतं ते न कंटाळता तपासत बसणारा संपत 'निरीक्षक' ठरला. बोलायच्या आधी दहादा विचार करून शेवटी लिहूनच टाकणारी भाग्यश्री 'चिंतक' ठरली. दिग्विजय 'श्रोता'. प्रत्येकाला आपापल्या बलस्थानांचा एक रंगीत कागद मिळाला. मूळचा चंद्रपूरचा संपत तो उलटसुलट पाहून म्हणाला, "आमच्याकडे याले साठ प्रश्न नाही लागत. गप बसते म्हणतात."

कागद खोटा मात्र नव्हता. अमेरिकेतल्या रक्ततपासणीच्या एका प्रयोगशाळेचं सॉफ्टवेअर ही कंपनी सांभाळायची. तिथे दर सोमवारी काही रुग्णांचे रिपोर्ट दुसऱ्यांच्याच नावावर निघायला लागले. तिथल्या प्रमुख बार्बराबाई फोनवर संतापायच्या, आणि इकडचे केशरी ठिपकेवाले त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उपाय सुचवायचे. तीन आठवडे हेच चाललं. चौथ्या आठवड्यात बोलणारे दोघे आजारी पडले आणि फोनवर दिग्विजयला बसवलं. त्याने काहीच सुचवलं नाही. बाई चाळीस मिनिटं बोलल्या, हा 'हं' म्हणत राहिला. राग ओसरल्यावर बाई आपल्या दिवसाबद्दल सांगायला लागल्या, आणि त्यात सहज बोलून गेल्या की रविवारी नमुने न्यायला गाडीच येत नाही, त्या बाटल्या सोमवारपर्यंत पडून असतात. दिग्विजयने तेवढं टिपून घेतलं. संपतने दोन दिवस मान वर न करता सगळ्या नोंदी वाचल्या आणि शोधून काढलं की बाटल्यांचे नंबर रोज एकपासून सुरू होतात, म्हणून रविवारची सात नंबरची बाटली आणि सोमवारची सात नंबरची बाटली एकमेकींत मिसळतात. भाग्यश्रीने ते अर्ध्या पानात असं लिहून पाठवलं, की बाईंनी उलट आभाराचं पत्र धाडलं. तीन आठवडे ज्यांनी तोंडं चालवली त्यांनी या कामाबद्दल सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

इथेच दिग्विजयचं नशीब फिरलं. पुढच्या फोनला सगळी खोली भरली होती. बार्बराबाई भरभरून बोलत होत्या. त्यांच्याकडे बर्फ पडतंय, हं. त्यांच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं, हं. कामाला नवी शाखा जोडायची आहे, हं. त्यासाठी अमेरिकेत दीड वर्ष दिग्विजयच हवा, तो आनंदाने येईल ना, हं.

नाकातून काढलेला असा आवाज म्हणजे तिकडे चक्क होकार असतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो आपला ऐकत होता. प्रश्न ध्यानात येऊन त्याने तोंड उघडलं, तोवर खोलीत टाळ्या पडल्या होत्या. मॅनेजर इंद्रजीतने त्याच्या पाठीत अशी थाप घातली की उरलेला शब्दही आत गेला. संध्याकाळी केक कापला. केकवर त्याच्या नावातला 'ग्वि' चुकला होता. तोच तुकडा त्याने उचलून खाल्ला.

"तू हो म्हणालास?" वैष्णवीने विचारलं.

"नाही."

"मग नाही म्हणालास?"

"नाही."

वैष्णवी पोळी लाटत होती. तिने लाटणं बाजूला ठेवलं. कुटुंबाला नेण्याची सोय नव्हती, त्याला एकट्यालाच जायचं होतं. तिला दीड वर्ष एकटीने काढायची भीती नव्हती. तिने तसं स्पष्ट सांगितलं. तिला राग याचा होता की या माणसाचं आयुष्य वाटेल तो ठरवतो, आणि यावेळी त्यात मैनाचंही ठरतंय.

मग जाळं आवळत गेलं. कंपनीने मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घेतली. खडकीला वडिलांनी शेजारीपाजारी पेढे वाटले, अखेर मुलगा नावाला जागला म्हणून. सासऱ्यांनी लोकरीची टोपी पाठवली. ज्याला त्याला तो नाही म्हणायला जायचा, आणि त्याचं कौतुक ऐकून 'हं' म्हणून परत यायचा. रात्री अंथरुणात तो मनातल्या मनात इंद्रजीतला फाडफाड सुनवायचा, आणि सकाळी लिफ्टमध्ये इंद्रजीत भेटला की त्याच्यासाठी बटण दाबायचा.

कोपऱ्यातल्या दोघांनी आपापल्या परीने जोर लावला. संपतने त्या फोनचं ध्वनिमुद्रण ऐकून यादी केली. दिग्विजय एकतीस वेळा 'हं' म्हणाला होता, आणि बर्फाला दिलेला 'हं' आणि अमेरिकेला दिलेला 'हं' अगदी एकसारखे होते. ती यादी त्याने इंद्रजीतपुढे ठेवली. इंद्रजीत पोट धरून हसला आणि ती त्याने सगळ्या मजल्यावर दाखवत फिरवली. भाग्यश्रीने तीन ओळींचं पत्र लिहून दिलं. मी होकार दिलेला नाही. माझ्या मुलीला माझी इथे गरज आहे. मी जाणार नाही. ते पत्र दिग्विजयच्या शर्टाच्या खिशात चार दिवस राहिलं. रोज सकाळी तो ते कालच्या शर्टातून आजच्या शर्टात घालायचा.

हे सगळं मैनाच्या कानावर केव्हातरी जाणारच होतं. पेढ्यांबरोबर गेलं. आजोबांनीच तिला सांगितलं, बाबा विमानाने लांब जाणार. सोमवारी सकाळी ती स्कूटरवर पुढे उभी राहिली आणि वारज्याचा पूल उतरला तरी गप्पच. दिग्विजयला ती शांतता सहन होईना. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपणहून बडबड सुरू केली. आज डब्यात गोड शिरा आहे.

"हं," मैना म्हणाली.

आज चित्रकलेचा तास आहे ना.

"हं."

रविवारी आपण सारसबागेत जाऊ.

"हं."

आवाज तिचा होता, पण 'हं' त्याचा होता, हुबेहूब. त्याच जागी पडणारा, तितकाच मऊ. त्यामागे काय दडलेलं असतं हे जगात त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? लेक फाटकातून आत गेली, हात न हलवता. दिग्विजय स्कूटरवर बसून राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. कंपनीची बस चुकली. तो तसाच स्कूटरने खराडीला गेला, अख्खं पुणं ओलांडून.

इंद्रजीतची काचेची केबिन होती. माणूस वाईट नव्हता. तो खराडीचाच, जमीनदाराच्या घरातला. आता कंपनीच्या गाड्या उभ्या राहतात तिथे त्याच्या चुलत्यांचा ऊस होता. बोलायला बसला की घटकाभर उठू द्यायचा नाही. दिग्विजयने पत्र टेबलावर ठेवलं. इंद्रजीतने ते न उघडताच चहाच्या कपाखाली सारलं.

"नंतर वाचतो. आधी माझं ऐक. ऐकण्यात तर तू एक नंबर हायस."

आणि तो सुरू झाला. ही संधी सगळ्यांना मिळत नसते. इथे 'हं' ची जागा होती. तो दिग्विजयच्या घशापर्यंत आला आणि त्याने तो गिळला. इंद्रजीत पुढे गेला. बाईंनी तुझंच नाव घेतलंय, दुसरं कोणी चालणार नाही. इथेही जागा होती. दिग्विजयने दात आवळले. आमच्या आजोबांनी गावाबाहेर पाऊल टाकलं नाही, म्हणून बघ आम्ही कुठे राहिलो. इंद्रजीत क्षणभर थांबला, वाट पाहिली. काही आलं नाही. तो पुन्हा बोलायला लागला, पण आता त्याची वाक्यं अडखळायला लागली. एक अर्ध्यावर सोडून त्याने दुसरं धरलं, तेही सुटलं. एरवी ज्या विहिरीतून आवाज यायचा तिच्यात काठावरून डोकावावं, तसा तो दिग्विजयकडे वाकून बघायला लागला.

"ऐकतोयस ना?"

दिग्विजय गप्प. नजर मात्र त्याने हलवली नाही.

"बरं वाटत नाही का तुला?"

गप्पच. इंद्रजीतने खुर्चीत चुळबुळ केली. मग दुसरं काही सुचेना म्हणून कपाखालचा कागद काढला, उघडला. तीन ओळी वाचायला त्याला बराच वेळ लागला.

"म्हणजे तुला जायचंच नाय?"

"नाही," दिग्विजय म्हणाला. इतक्या मोठ्याने, की काचेपलीकडे भाग्यश्रीने मान वर केली.

इंद्रजीतने त्याला हाकललं नाही, पण पाठीवर थापही मारली नाही. बाईंच्या कामावरून त्याला काढलं. यंदा बढती विसरायची. आणि नाही म्हणणारा माणूस शेजाऱ्यांनाही बिघडवतो, म्हणून त्याची खुर्ची कोपऱ्यातून उचलून वरच्या मजल्यावर, केशरी ठिपकेवाल्यांच्या मधोमध टाकली. संध्याकाळपर्यंत त्याने पेन, कप आणि बलस्थानांचा कागद वर नेला. संपत जिन्यापर्यंत आला. भाग्यश्री आली नाही. तिने एक चिठ्ठी पाठवली, त्यात नुसतं 'शाब्बास' लिहिलं होतं. आता रोज आठ तास त्या गोंगाटात बसायचं होतं. खडकीला पेढे परत तर मागता येत नाहीत, वडिलांना काय सांगायचं हेही त्याला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैना स्कूटरवर पुढे उभी राहिली. पूल आला.

"मी जाणार नाही," तो म्हणाला. "त्यांना नाही म्हणून सांगितलं."

ती मान वळवून त्याच्याकडे बघायला लागली. स्कूटरवर असं करायचं नाही हे तिला माहीत होतं.

"मोठ्याने?"

"मोठ्याने."

ती पुन्हा समोर वळली. सिग्नल लागला, सुटला. कर्वेनगरचं वळण जवळ आलं आणि शाळेची घंटा व्हायला जेमतेम पाच मिनिटं उरली होती.

"बाबा, शुक्रवारी ना," मैना म्हणाली, "आमच्या वर्गात मांजर आलं होतं."

दिग्विजयने स्कूटर हळू केली.

"हं," तो म्हणाला.