भिंतीने अडवलेला बोळ

मित्रांनो, मी एक जुना बोळ आहे. मला कुणी बांधलं नाही. वीटभट्टीजवळच्या वस्तीतली माणसं दवाखान्याकडे जाताना शेतातून आडवी जायची. त्यांच्या पायांखालचं गवत मेलं आणि मी जन्मलो. पुढे दोन्ही बाजूंना घरं झाली, कुणी फरशा टाकल्या. समोरून सायकल आली, तर भिंतीला चिकटून पोट आत घ्यावं लागे, इतका मी अरुंद. तरी लोक म्हणत, "बोळ आहे म्हणून बरं, नाहीतर केवढा वळसा पडला असता." ऐकून मी फुगायचो, पण फुगायला जागा होती कुठे?

माझ्या एका तोंडाशी शिवणकाम करणारी धाकटी राहायची. दुसऱ्या तोंडाशी तिची थोरली बहीण, लकव्याने अंथरुणाला खिळलेली. धाकटी सकाळी तिला अंघोळ घालायची, दुपारी जेवण भरवायची, दिवेलागणीला कूस बदलून द्यायची. डब्यातलं अन्न निवायच्या आत ती पोचे.

मग शहराला पाय फुटले. शेतं गेली, वसाहती आल्या. एकीचा रस्ता दुसरीला मिळेना. आत गोल फिरायचं आणि त्याच फाटकातून बाहेर पडायचं. रुसलेल्या जावांसारख्या त्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. थोरलीचं घर पाडून तिथेही वसाहत झाली. तिच्या मुलाला तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. आणि एके सकाळी गवंड्याने माझ्यावर आडवी दोरी धरली. अंधार पडायच्या आत भिंत उभी होती.

मी कासावीस झालो. रस्त्याला निजून राहायची सवय असते म्हणतात, पण ज्याच्यावरून कुणी जात नाही त्याला झोप कशी लागणार? धाकटी आता ट्रकच्या रस्त्याने वळसा घालून जाई. दुपारची खेप सुटली, मग संध्याकाळचीही. मुलगा कामावरून रात्री उशिरा येई; दिवसभर कूस बदलायला कुणी नसल्याने थोरलीच्या पाठीला जखमा झाल्या.

धाकटी वसाहतीच्या अध्यक्षांकडे गेली. "भाऊ, भिंत राहू द्या. एवढं एक दार ठेवा."

"मावशी, दार ठेवलं की चोर येतात."

"चोर दाराची वाट बघत बसतो होय? वाट बघते ती आजारी माणसं."

"मीटिंगमध्ये बघू," म्हणत त्यांनी विषय झटकला.

मीटिंगच्या दिवशी धाकटीने आणि भाच्याने थोरलीला खुर्चीसकट उचलून सभेत नेलं. धाकटीने तिच्या पाठीवरची शाल बाजूला करून जखमा दाखवल्या. थोरलीची जीभ जड झालेली. ओठ बराच वेळ हलत राहिले आणि एकच शब्द बाहेर पडला.

"दार."

पहिला हात वर झाला तो अध्यक्षांच्या बायकोचा. नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "उद्याच गवंडी बोलवा."

आज भिंतीत एक लोखंडी दार आहे. रात्री त्याला कुलूप लागतं, पण धाकटी पुन्हा तिन्ही वेळा जाते. थोरलीच्या जखमा सुकत आल्या आहेत.

तरी, मित्रांनो, माझा जीव थाऱ्यावर नाही. वीटभट्टीच्या पलीकडे नव्या शेतांत खुंट्या ठोकल्या गेल्यात. तुम्ही मोठे होऊन घरं बांधाल, भिंतीही घालाल, जरूर घाला. पण दोरी धरण्याआधी क्षणभर थांबून खाली बघा. तिथे गवत मेलेलं दिसलं, तर समजा, पलीकडे कुणीतरी कुणाची तरी वाट बघत आहे.