पांढऱ्या फितींचं शेत

सराव, पहिला.

शेतात जर्मन नव्हते. ओटचं तुडवलेलं पीक होतं आणि त्यावर अंथरलेल्या पांढऱ्या फिती. फिती म्हणजे शत्रूचे खंदक, असं समजायचं. झेंडे घेऊन पुढे चालणारे शिपाई म्हणजे आपल्या तोफांचा पुढे सरकत जाणारा मारा. त्यांच्यामागून ओळीनं, संथ चालत जायचं. आठवडाभर तोफा धडाडल्यावर पलीकडे उंदीरही उरणार नाही, असं वरच्यांनी ठरवलं होतं. मग धावायचं कशाला?

सेथ धावला.

झेंड्यांना मागे टाकून तो फितीपाशी पोचला आणि बसून बुटातली माती झटकू लागला.

कॅप्टन लिंडली लालबुंद झाले. "ऑर्मरॉड! आपल्याच गोळ्यांनी मेलास तू!"

"मेलो तर मेलो, साहेब. जेवण कधी?"

सगळी कंपनी हसली. त्याचा बाप सोडून.

एनॉक ऑर्मरॉड लँकेशरच्या गिरणीतला विणकर. पोरगा भरती झाला, तसा हाही वय चोरून, पिकल्या केसांना बुटाचं पॉलिश फासून मागोमाग आला होता. पोराला जिवंत घरी न्यायचं. याखेरीज त्याला या लढाईकडून काही नको होतं.

सराव, संध्याकाळचा. दोघांचाच.

"चाल."

"बाबा, चालून पाय दुखतात. धावून नाही दुखत."

"व्हिट्सनच्या सणाला मिरवणुकीत चर्चचा झेंडा कसा धरायचास? वारा सुटो, पोरी खिदळोत, पाऊल वाकडं पडायचं नाही. तसं."

"मिरवणूक संपली की खायला बन मिळायचा."

"इथं जीव मिळेल, गाढवा. चाल."

अंधार पडेपर्यंत बापानं त्याला चालवलं.

सराव, शेवटचा.

कुणी धावलं नाही. सगळे पोचले. सरावात सगळेच पोचायचे.

मग कॅप्टननी मागे राहणाऱ्यांची नावं वाचली. पलटण बुडालीच, तर नवी उभी करायला थोडी माणसं राखून ठेवायची रीत होती. त्यांत एनॉक होता. सेथ नव्हता.

"साहेब, माझ्याऐवजी पोराला ठेवा."

"त्याचे पाय तरुण आहेत, ऑर्मरॉड. आणि तुमचं पॉलिश ओघळतंय."

बापाच्या कपाळावरचा काळा ओघळ सेथनं अंगठ्यानं पुसला. "घोर लावून घेऊ नका. चालतच जाईन."

सराव नव्हे.

मागच्या गावात एनॉकला दिसलं काहीच नाही. आपल्या तोफांचा आवाज पुढे सरकलेला त्यानं ऐकला. मग मशीनगन. गिरणीतल्या मागासारखी, एका लयीत. जिथं उंदीरही उरणार नव्हता, तिथून.

दुपारी टॉपिंग आला, सेथच्या शेजारी चालणारा. जखमी हात गळ्यातल्या झोळीत. एनॉकला बघून तो बोलू लागला.

"आम्ही काही जण धावलो, खड्ड्यात उड्या मारल्या, म्हणून वाचलो. मी ओरडलो त्याला, पळ म्हणून! पण काय चालत होता हो तुमचा पोरगा! झेंडा धरल्यासारखा. शेवटपर्यंत सरळ."

बापाला बरं वाटेल, असं त्याला वाटलं.

फिती.

मागे राहिलेल्यांना हुकूम आला: फिती गुंडाळा, पुढच्या पलटणीच्या सरावाला लागतील.

एनॉकनं चिखल पुसत अर्धी फीत गुंडाळली. मग ती खाली ठेवली. शेताच्या कडेला, जिथून सुरुवात व्हायची, तिथं गेला.

आणि धावला. गुडघे वाजेपर्यंत, छातीत कळ येईपर्यंत. उरलेल्या फितीपाशी पोचून ओटात बसला, बूट काढून माती झटकू लागला.

त्याच्यावर ओरडायला कॅप्टन लिंडलीही उरले नव्हते.